झ्योमर्डा ते ख्लुम: सुईच्या पिस्तुलांच्या मागावर

गुरुवार, एरफुर्ट

जुन्या जर्मन सुईच्या पिस्तुलांचा नाद एकदा लागला की माणूस आज ना उद्या मध्य जर्मनीतल्या थ्युरिंगिया राज्यात जातोच. मी श्टुटगार्टजवळ राहतो. लिलावांच्या याद्या चाळणं, प्रदर्शनांत हातमोजे घालून ही शस्त्रं हाताळणं बरीच वर्षं चालू आहे, पण ती जिथे जन्मली ते गाव पाहायचं राहिलं होतं. यंदा जूनच्या सुरुवातीला मामा सांगलीहून आले. मामांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे माझ्या कपाटातलं एकुलतं एक पिस्तूल त्यांनी पहिल्याच दिवशी भिंग मागून तपासलं आणि विचारलं, "हे केलं कुणी रे? हाताचं काम आहे हे." तिथेच बेत ठरला.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठासणीच्या बंदुकीत बारूद वेगळी, गोळी वेगळी आणि ठिणगी देणारी केप बाहेरून लावायची. सुईच्या शस्त्रात हे तिन्ही एकाच कागदी काडतुसात बसवलेलं असतं. चाप ओढला की लांब, बारीक पोलादी सुई काडतुसाच्या बुडातून आत घुसते, सगळी बारूद भेदत पुढे जाते आणि गोळीच्या मागे, कागदाच्या लगद्याच्या गुट्टीत बसवलेल्या स्फोटक टिकलीवर आदळते. म्हणजे आग बारुदीच्या पुढच्या टोकाला लागते आणि सुई त्या आगीच्या मधोमध उभी असते. या शस्त्रांचं सगळं वैभव आणि सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

एरफुर्टला संध्याकाळी पोचलो. क्रेमरब्र्युके हा दोन्ही बाजूंनी घरं असलेला जुना पूल आहे. त्यावरून चालताना आपण नदीवर आहोत हे कळतच नाही. खाली उतरून पाण्याच्या बाजूने पाहिलं तेव्हा मामांना पटलं. कोळशावर भाजलेला थ्युरिंगियाचा सॉसेज पावात घालून, वर इथली मोहरीची चटणी लावून खाल्ला. या शहरात बॉर्न नावाची मोहरी १८२० पासून बनते. मामांनी बोटाला लावून चाखली आणि "नाकात गेली" म्हणत पुन्हा घेतली.

पर्यटक एरफुर्टला मार्टिन ल्यूथर आणि कॅथेड्रलसाठी येतात. आमच्या विषयासाठी आणखी एक कारण आहे. प्रशिया या तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याच्या सरकारी बंदूक कारखान्यांपैकी एक १८६२ मध्ये झार्नहून इथे हलवला गेला. तोवर सुईची बंदूक ही एका खाजगी कारखानदाराची मक्तेदारी राहिली नव्हती, राज्याचं शस्त्र झाली होती.

शुक्रवार, झ्योमर्डा

एरफुर्टहून झ्योमर्डाला लोकल गाडीने अर्धा तासही लागत नाही. बाहेर सपाट शेतं, गव्हाला नुकती पिवळी झाक आलेली, आभाळ स्वच्छ. ऊन्स्ट्रुट नदीकाठचं हे लहानसं गाव आहे. जुनी तटबंदी आणि बुरूज बऱ्यापैकी शाबूत आहेत. दहाच्या सुमारास पोचलो तेव्हा चौकात बाजार भरला होता. गाडीवरच्या बाईंनी मामांच्या हातात न विचारता दोन स्ट्रॉबेऱ्या ठेवल्या. मग अर्धा किलो घेतल्याच.

योहान निकोलाउस ड्रायझे इथलाच. १७८७ चा जन्म, बाप कुलपं करणारा लोहार. १८०९ ते १८१४ तो पॅरिसमध्ये पाउली नावाच्या स्विस बंदूककाराच्या हाताखाली होता. मागून भरायची बंदूक आणि बुडात टिकली असलेलं काडतूस या दोन्ही कल्पना पाउलीने १८१२ मध्ये पेटंट केल्या होत्या. ड्रायझे ते डोक्यात घेऊन गावी परतला, पण लगेच बंदुका करायला बसला नाही. आधी लोखंडी किरकोळ सामानाचा कारखाना काढला, आणि १८२४ मध्ये कोलेनबुश या भागीदाराबरोबर केपा बनवायला सुरुवात केली. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. त्याने आधी स्फोटक टिकली हाताखाली आणली, तिचा स्वभाव ओळखला, आणि मग तिच्याभोवती बंदूक रचली. १८२७ ची त्याची पहिली सुईची बंदूक अजून पुढूनच भरायची होती. मागून भरायची जमली १८३६ ला. १८४० मध्ये प्रशियाच्या राजाने साठ हजारांची मागणी नोंदवली, आणि पुढच्या वर्षी ही बंदूक 'हलकी केपाची बंदूक, नमुना १८४१' अशा मुद्दाम फसव्या नावाने सैन्यात घेतली, कुणाला पत्ता लागू नये म्हणून. हे गुपित फुटलं जून १८४८ मध्ये. बर्लिनमधल्या उठावात लोक शस्त्रागारात घुसले आणि त्यातल्या काही बंदुका बाहेर गेल्या.

ड्रायझेच्या नावाच्या घरात गावाचं ऐतिहासिक-तांत्रिक संग्रहालय आहे. बंदुका बघायला गेलेला माणूस इथे टाइपरायटर आणि संगणकांसमोरही उभा राहतो, कारण ड्रायझेचा कारखाना पुढे १९०१ मध्ये राइनमेटाल या शस्त्र कंपनीने घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तिथे कार्यालयीन यंत्रं बनू लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, पूर्व जर्मनीत, पीसी १७१५ हा संगणकही. मामा या दालनात माझ्यापेक्षा जास्त वेळ रमले. एका हिशोबाच्या यंत्राच्या उघड्या दातेरी चाकांकडे बोट दाखवून म्हणाले, "बंदुकीचा हातच आहे हा. माणसं तीच असणार, काम बदललं."

तिथल्या बाईंनी आम्हाला घाई केली नाही. मी काडतुसाबद्दल विचारल्यावर त्या स्वतः कपाटापर्यंत आल्या आणि सैनिकी बंदुकीच्या काडतुसाचा क्रम समजावून सांगितला: नळी १५.४ मिलिमीटरची, पण अंड्याच्या आकाराची गोळी १३.६ चीच. गोळी नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, स्पर्शच करत नाही. लगद्याची गुट्टी आटे पकडते, गोळीला फिरवते आणि बाहेर पडल्यावर गळून जाते. मी हे वाचलेलं होतं, पण शेजारी शेजारी गोळी, गुट्टी, कागद मांडलेलं पाहिल्यावर जे जाणवलं ते असं: ड्रायझेचा खरा शोध काडतुसात आहे. बंदूक आणि पिस्तूल ही त्या काडतुसाला पेटवायची साधनं. आणि आम्ही संग्राहक साधनं जमवतो, कारण कागद टिकत नाही.

इथे जाणार असाल तर: संग्रहालय लहान आहे, वेळा बदलतात, आधी फोन करून जा. सोमवारी जर्मनीत बहुतेक संग्रहालयं बंदच असतात. एरफुर्टहून झ्योमर्डा आणि झूल हे दोन्ही प्रवास डॉयचलांड-तिकिटात, म्हणजे लोकल आणि प्रादेशिक गाड्यांच्या देशभरच्या मासिक पासात, बसतात. जेवण बाजारचौकातच उरका, दुपारनंतर गाव सामसूम होतं.

शनिवार, मास्तरांचं घर

या दिवसाची मी सगळ्यात जास्त वाट पाहत होतो. एरफुर्टबाहेरच्या एका खेड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. तंत्रशाळेत शिकवत, आणि चाळीसेक वर्षांपासून फक्त सुईची हत्यारं जमवतात. लिलावात ओळख झालेली, पत्रव्यवहार जुना. मामांनी दारातच त्यांना "मास्तर" म्हटलं, मी अर्थ सांगितला, आणि दिवसभर तेच नाव चालू राहिलं.

टेबलावर हिरवं फेल्ट अंथरलेलं. त्यावर त्यांनी एकनळी पिस्तुलं आधी मांडली: एक बोल्ट मागे ओढून उघडणारं, एक खालचा खटका फिरवला की नळी सरकणारं. ड्रायझेखेरीज इतरही जर्मन बंदूककारांनी निशाणेबाजीसाठी, हौशी लोकांसाठी असली पिस्तुलं केली, कुणी जोडीने पेटीत घालून. मग त्यांनी दोन रिव्हॉल्व्हर काढली. माझा सगळा जीव या रिव्हॉल्व्हरांत आहे.

मूळ कल्पना बर्लिनच्या कुफालची. त्याचं इंग्लंडमधलं पेटंट १८५२ चं आहे. झ्योमर्डात ती बनवली ड्रायझेचा मुलगा फ्रान्झ याने. बाहेर घोडा दिसत नाही, सगळं पोटात. सहा कप्प्यांचं चक्र आहे, पण आपल्या ओळखीच्या रिव्हॉल्व्हरसारखं मागून आरपार उघडं नाही. प्रत्येक कप्प्याला मागे भिंत आणि भिंतीत सुईपुरतं भोक. कागदी काडतूस पुढून घालायचं.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप अगदी हळू, अंगठ्याने आधार देत ओढला. एकदा, पुन्हा एकदा. मग मला म्हणाले, "हे बघ. सुई पुढं गेली की ती चक्राच्या पोटात असती. म्हणजे ती पूर्ण मागं आल्याशिवाय चक्र फिरताच कामा नये. थोडी जरी आत राहिली तर एकतर चक्र अडकलं नाहीतर सुई वाकली. एवढी वेळ साधलीय त्यांनी, तीही कानशीनं." मी मास्तरांना सांगितलं. ते उठले, आतून एक डबी घेऊन आले आणि मामांसमोर ठेवली. आत मोडक्या सुया. गेल्या कित्येक वर्षांत वेगवेगळ्या पिस्तुलांतून काढलेल्या. काही टोकाला मोडलेल्या, काही कंबरेत, काही आगीने खाऊन दाभणासारख्या निमुळत्या झालेल्या.

मामांनी एक एक नखावर टेकवून पाहिली. "पाणी जास्त झालंय हिला, कडक आहे, म्हणून तुकडा पडला. ही मऊ, म्हणून वाकली. मधलं पाणी द्यायचं म्हणजे हात बसलेला पाहिजे." काळ्या बारुदीची आग दर बाराला सुईवरून जाते, तिची राख ओल धरते, गंज चढतो. प्रशियन सैनिक जादा सुया बरोबर बाळगत आणि मैदानातच बदलत. पण खिशातलं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या गृहस्थाकडून ही अपेक्षा कशी करणार? शिवाय १८५७ पासून अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचं धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात होतं. तिथे टिकली काडतुसाच्या बुडातच, बारुदीतून काही घुसवायची गरजच नाही. सुईचं रिव्हॉल्व्हर मागे पडलं ते यामुळे. पुढे जर्मन सैन्याने १८७९ मध्ये प्रमाण रिव्हॉल्व्हर ठरवलं तेही धातूच्या काडतुसाचं.

दोन रिव्हॉल्व्हरांपैकी एक चकचकीत होतं, एक काळवंडलेलं. दोन्ही विकायची होती, मास्तर वयामुळे संग्रह कमी करताहेत. चकचकीतवर नक्षीच्या कडा गोल झालेल्या, नावातली अक्षरं पुसट, पेचांच्या खाचा रुंदावलेल्या, सुई नवी. म्हणजे कुणीतरी केव्हातरी पॉलिश मारून काढलेलं. काळवंडलेल्यावर वरच्या पट्टीवरचं 'फ. फॉन ड्रायझे, झ्योमर्डा' स्वच्छ वाचता येत होतं, छोट्या भागांवरचे आकडे एकमेकांशी जुळत होते, आणि सुई त्याच्याच वेळची, टोक थोडं झिजलेलं, पण सरळ. मी तेच घेतलं. मास्तर खूश झाले असं मला वाटलं. चकचकीतबद्दल त्यांनी मला एक शब्दही गळ घातली नव्हती.

विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नावात 'फॉन' असेल तर वस्तू १८६४ नंतरची, कारण ड्रायझेला सरदारकी त्या वर्षी मिळाली. आकडे जुळतात का ते चक्र, चौकट आणि आतल्या भागांवर पाहा. नुसत्या बाहेरच्या रूपावर पैसे टाकू नका. सुई बदललेली असणं हा दोष नाही, ती बदलण्यासाठीच होती, पण विक्रेत्याने ते आपणहून सांगायला हवं. रिकाम्या पिस्तुलाचा चाप झटक्याने कधीही ओढू नका, सुई जाते.

कायद्याचं: जर्मनीत १ जानेवारी १८७१ आधी ज्यांचा नमुना तयार झाला अशी सुईची शस्त्रं अठरा वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय घेता आणि बाळगता येतात. त्याच काळातल्या केपाच्या एकनळी, एकबारी पिस्तुलाला ही सूट आहे, केपाच्या सहाबारी रिव्हॉल्व्हरला नाही. ड्रायझेच्या सहाबारीला मात्र आहे. म्हणूनच इथले बरेच संग्राहक या वाटेला वळतात. घरात ती कुलूपबंद ठेवावी लागतात आणि रस्त्यावर घेऊन फिरायची परवानगी यातून मिळत नाही. आम्हाला पुढे रेल्वेने आणि सीमेपलीकडे जायचं होतं, म्हणून रिव्हॉल्व्हर मास्तरांकडेच ठेवलं आणि नंतर गाडी घेऊन जाऊन कुलूपबंद पेटीत आणलं. खरी जुनी काडतुसं हा वेगळा विषय आहे: आत बारूद असते, तिला स्वतंत्र परवाना लागतो, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि इथे घेतलेलं भारतात नेण्याचा विचार करत असाल तर आधी आपल्याकडचे शस्त्र आयातीचे नियम वकिलाकडून समजून घ्या. ते फार कडक आहेत.

दुपारी मास्तरांच्या घरच्या आजींनी पांढरा श्पार्गेल (शतावरीच्या जातीचे कोवळे कोंब), उकडलेले बटाटे आणि लोण्याचा सॉस वाढला. मामांचा शनिवार असल्याने मांस चालणार नव्हतं, ते मी आधी कळवलं होतं. आजींनी त्यांच्यासाठी वेगळी सुरी आणि वेगळं भांडं वापरल्याचं दाखवून सांगितलं. मामांना एवढा संकोच झाला की जेवण झाल्यावर ते ताटं विसळायला उभे राहिले. श्पार्गेल इथे २४ जूनपर्यंतच काढतात, नंतर जमिनीला विश्रांती. त्यामुळे या भागात यायचं तर त्याआधी या.

मग मास्तरांनी कागदी काडतूस करून दाखवलं. नमुन्याचं, बिनबारुदीचं. लाकडी दांड्यावर पातळ कागदाची पट्टी गुंडाळली, कडेला खळ लावली, बुडाला गोल चकती चिकटवली. बारुदीच्या जागी भरला रवा. हो, आपला शिऱ्याचा रवा. काळ्या बारुदीने निशाणेबाजी करणारे इथले लोक गोळी आणि बारूद यांच्यामध्ये भर म्हणून तो खरोखर वापरतात. वर लगद्याची गुट्टी, त्यात टिकलीऐवजी लाल कागदाचा ठिपका, पुढे शिशाची गोळी, आणि कागदाचं तोंड दोऱ्याने आवळलं. मामांनी लगेच दुसरं करायला घेतलं. त्यांचं पहिल्याच झटक्यात सरळ आलं.

दोरा बांधता बांधता मामा थांबले. "हे दातानं तोडायचं?" मास्तर म्हणाले, नाही, सबंधच्या सबंध घालायचं, कागदासकट. मामा माझ्याकडे वळले. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच आलं होतं. १८५७ मध्ये आपल्याकडे एनफिल्डचं काडतूस आलं ते कागदाचंच होतं, पण पुढून ठासायचं. दातांनी फाडून बारूद नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ढकलायची. त्या कागदावरच्या चरबीवरून पलटणी पेटल्या. त्याच वेळी प्रशियाचा शिपाई न फाडता, न ठासता, मागून काडतूस सरकवून मोकळा होत होता. मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांना उठावाची माहिती होती, चरबीचीही. तोंडात धरून फाडण्याची सक्ती आणि धर्म यांचा संबंध मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि वहीत लिहून ठेवला. मामांनी केलेलं काडतूस त्यांनी ठेवून घेतलं आणि स्वतःचं मामांना दिलं.

रविवार, झूल

झूलला जाताना गाडी डोंगरात चढते. आर्नश्टाट मागे पडलं की शेतं संपतात, सूचिपर्णी जंगल सुरू होतं, आणि ओबरहोफजवळ तीन किलोमीटरचा ब्रांडलाइटे बोगदा लागतो. अलीकडे ऊन, पलीकडे पाऊस. झूलला उतरलो तेव्हा डोंगरांवरून ढग खाली आलेले आणि हवेत चांगलाच गारवा.

बाजारचौकात शस्त्र घडवणाऱ्या लोहाराचा पुतळा आहे, हातोडा आणि ऐरणीसह. या गावात शेकडो वर्षं घरोघरी हाच धंदा. नळी करणारा वेगळा, कुंदा करणारा वेगळा, खटका करणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. शस्त्रसंग्रहालय जुन्या माल्टघराच्या लाकडी चौकटीच्या इमारतीत आहे, आणि तिथे ही कामाची वाटणी नीट दिसते. मामांना जे पाहायचं होतं ते इथे सापडलं: नळीला आतून आटे पाडायचं साधन. त्यापुढे ते उभेच राहिले. मला मात्र सुईच्या दालनाकडून थोडी अधिक अपेक्षा होती. झूल मुख्यत्वे शिकारी बंदुकांचं गाव आहे आणि संग्रहालयाचा जीवही तिथेच आहे. फक्त सुईच्या पिस्तुलांसाठी येणार असाल तर इथे अर्धा दिवस पुरे.

एक गोष्ट मात्र इथे थांबून वाचावी अशी: झिमझोन या ज्यू कुटुंबाचा कारखाना नाझींनी १९३५ च्या सुमारास हिसकावून घेतला. पुढे पूर्व जर्मनीत याच नावाच्या मोपेड घराघरांत पोचल्या. नाव राहिलं, कुटुंबाला देश सोडावा लागला.

जेवणात थ्युरिंगियाचे क्ल्योसे. कच्चा बटाटा किसून पिळलेला, त्यात थोडा उकडलेला, गोळा वळताना मधे तुपात तळलेले पावाचे तुकडे. मामांनी अळंब्यांच्या रश्शाबरोबर घेतले. दुसरा गोळा संपवताना म्हणाले, "हे पोट धरून ठेवतं." रात्रीपर्यंत कुणाला भूक लागली नाही.

सोमवार, वाटेत

एरफुर्टहून ड्रेस्डेन, प्राग आणि पुढे ह्रादेत्स क्रालोवे. ड्रेस्डेनहून आमची गाडी रद्द झाली, दोन तास फलाटावर गेले. पुढचं सगळं सुरळीत. ड्रेस्डेन ते सीमा या टप्प्यात उजव्या-डाव्या जागेचा विचार करा: प्रागकडे जाताना एल्ब नदी डावीकडे राहते आणि क्योनिगश्टाइनचा किल्ला उजवीकडे वर दिसतो. मामा किल्ला येईपर्यंत दरवाजाजवळच उभे होते.

मंगळवार, ख्लुम

जर्मन लोक ज्याला क्योनिगग्रेट्स म्हणतात तेच हे ह्रादेत्स क्रालोवे. ३ जुलै १८६६ ला गावाच्या वायव्येला प्रशिया आणि ऑस्ट्रिया लढले आणि एका दिवसात जर्मनीचं पुढारीपण व्हिएन्नाकडून बर्लिनकडे गेलं. सुईची बंदूक जगभर गाजली ती या दिवसाने.

आम्ही टॅक्सीने ख्लुमच्या टेकडीवर गेलो. सगळीकडे पिकं, मधून मधून झाडांचे पुंजके, आणि जिथे बघाल तिथे दगडी स्मारकं: रस्त्याकडेला, शेतात, जंगलात. शेकडो आहेत. टेकडीवर संग्रहालय आणि लोखंडी मनोरा. मनोऱ्यावर चढलो तर वारा असा की टोपी हातात धरावी लागली, पण सगळं रणांगण एका नजरेत येतं. उत्तरेकडे स्वीबचं जंगल, जिथे सकाळी फ्रान्सेकीची प्रशियन डिव्हिजन ऑस्ट्रियाच्या हल्ल्यांखाली तासन्‌तास तग धरून राहिली. दुपारी प्रशियाच्या युवराजाचं दुसरं सैन्य उत्तरेकडून आलं. पाऊस, धुकं आणि बारुदीचा धूर यांच्या आडून प्रशियन गार्ड ख्लुममध्ये शिरले आणि ऑस्ट्रियाचा सेनापती बेनेडेक याच्या फळीचा मध्यच गेला. जवळच 'मृतांची बॅटरी' हे स्मारक आहे. मागे हटणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून कॅप्टन ग्र्योबेनची तोफांची तुकडी अगदी जवळून मारा करत राहिली आणि जवळपास सगळी कापली गेली. ऑस्ट्रियाची हानी कैद्यांसह चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, प्रशियाची नऊ हजारांच्या.

संग्रहालयात ड्रायझेची बंदूक आणि ऑस्ट्रियाची लोरेन्झ दोन्ही पाहायला मिळतात. मला वाटत होतं मामा सुईच्या बंदुकीपाशी जातील. ते लोरेन्झपाशी गेले. "ही आपली ठासणी," म्हणाले. त्यांचं आजोळ चंदगडकडचं, तिकडे डुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक घरात असायची. लहानपणी त्यांनी आजोबांना ती भरताना रोज पाहिलं होतं. तिथेच, रिकाम्या दालनात, त्यांनी मला हातवारे करून दाखवलं: बंदूक उभी धर, बारूद ओत, गोळी टाक, गज काढ, ठास, गज परत ठेव, घोडा अर्धा चढव, केप लाव, पुरता चढव, नेम धर. "आता हेच झोपून कर बघू," म्हणाले. होत नाही. गज चालवायला उभं राहावंच लागतं, निदान गुडघ्यावर तरी यावंच लागतं.

लोरेन्झ लांब पल्ल्यावर ड्रायझेपेक्षा अचूक होती, ऑस्ट्रियाच्या तोफाही चांगल्या होत्या. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण ऑस्ट्रियाची पलटण संगिनी रोखून दाट रांगेत धावत यायची, आणि समोर प्रशियाचा शिपाई शेतात पोटावर पडून, पाठ वर न करता, मिनिटाला चार-पाच बार सहज काढायचा. चार वर्षांनी फ्रान्सच्या शासपो बंदुकीने याच तत्त्वावर, बुडाशी रबराचं कडं बसवून, पल्ल्यात ड्रायझेला मागे टाकलं. आणि १८७१ च्या माउझर बंदुकीबरोबर जर्मनांनीच कागदी काडतूस सोडलं.

तिथल्या तरुण मार्गदर्शकाला मी विचारलं की अधिकाऱ्यांकडे सुईची रिव्हॉल्व्हर होती का. तो म्हणाला, ती सरकारी नव्हती, ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यायची. मग त्याने मामांना विचारलं, तुम्ही सैन्यात होता का? मामांनी नाही म्हणून मान हलवली आणि खिशातून मास्तरांचं रव्याचं काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तो ते घेऊन ड्रायझेच्या कपाटापाशी गेला, काचेवर धरून मापाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, हे पिस्तुलाचं आहे, बंदुकीचं याच्या दीडपट. बरोबर होतं त्याचं.

जाणाऱ्यांसाठी: ह्रादेत्स क्रालोवेहून व्शेस्तारीपर्यंत रेल्वे आणि बस आहे, तिथून टेकडी चालत. वाट सोपी आहे, सावली नाही. पाणी बरोबर ठेवा. स्वीबच्या जंगलात पायवाटा आहेत आणि पावसानंतर चिखल भरपूर, बूट हवेतच. हिवाळ्यात संग्रहालयाच्या वेळा कमी होतात. जुलैच्या सुरुवातीला वार्षिक स्मरणाचे कार्यक्रम असतात, तेव्हा राहायची सोय आधी करा. गावात परतल्यावर कुलायदा हे शेपू, अळंबी आणि बटाट्याचं आंबट सूप मागा. मामांनी शेपू ओळखला आणि आणखी एक वाटी सांगितली.

पुढचा बेत इंगोलश्टाटच्या बव्हेरियन सैन्य संग्रहालयाचा आहे. बव्हेरियाचे शिपाई १८६६ मध्ये पोडेविल्सची पुढून भरायची बंदूक घेऊन प्रशियाच्या विरुद्ध उभे होते, आणि वर्षभरातच त्यांनी ती मागून भरायची करून घेतली. मामांचा व्हिसा सप्टेंबरपर्यंत आहे.